आपले पासबुक

पुणे-सोलापूर रस्त्याने टेंभुर्णी मागे टाकून सोलापूरकडे निघाले की मोडनिंब लागते. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वेही याच गावावरून जाते. माढा तालुक्यातले हे बाजाराचे गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे माल घेऊन येथे येतात, चहा पितात, बी-बियाणे घेतात आणि हल्ली आणखी एक काम आटोपून जातात. ते काम म्हणजे बँकेत जाणे. आज आपल्याशी बोलायचे आहे ते बँकेच्या खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या या माणसांविषयी, आणि त्यांच्या पिशवीतल्या एका लहानशा पुस्तकाविषयी.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. बँक म्हणजे काय, ठेव म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून सांगण्यात माझी बरीच वर्षे गेली. परंतु बँकेविषयी मला जे खरे कळले, ते फळ्यापुढे नव्हे, रांगेत उभे राहून कळले. त्यातली एक गोष्ट सांगतो. बँकेचे नाव सांगत नाही. नाव सांगून काही साधणार नाही, कारण असा प्रसंग कोणत्याही गावी, कोणत्याही शाखेत घडू शकतो.

माझ्या ओळखीच्या एका वस्तीवरच्या बाईंचे यजमान अकस्मात वारले. वय पन्नाशीच्या आत. पोरे शाळकरी. दिवसकार्य झाल्यावर बाई मृत्यूचा दाखला घेऊन मोडनिंबला आल्या. खात्यावर हजार-बाराशे रुपये असतील, ते काढावेत आणि खाते बंद करावे, एवढाच त्यांचा बेत. खिडकीवरच्या तरुणाने दाखला पाहिला, अर्ज पुढे केला आणि म्हणाला, "मावशी, इथं सही करा, खातं बंद करून टाकू." त्यात त्याची चूक म्हणावी तर काही नव्हती. बाईंनी जे मागितले, ते तो देत होता.

मी मागेच उभा होतो. बाई मला म्हणाल्या, "सर, जरा बघता का, काय लिवलंय ते?" मी अर्ज पाहिला, मग पासबुक पाहिले. पासबुकात वर्षभर एकही नोंद छापलेली नव्हती. मी म्हटले, "आधी एवढे पासबुक भरून द्या." तरुण म्हणाला, "सर, मशीन बंद आहे, पुढच्या आठवड्यात बघू." आम्ही म्हटले, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात येऊ; अर्जही तेव्हाच देऊ.

पुढच्या आठवड्यात यंत्र चालू होते. पासबुक खरखर करीत आत गेले आणि बाहेर आले. मी ओळीवरून बोट फिरवू लागलो. खताचे पैसे, दुधाचे पैसे, आणि मे महिन्याच्या अखेरीस एक ओळ : वजा ४३६ रुपये. पुढे इंग्रजी आद्याक्षरांची एक लगड. बाई म्हणाल्या, "हे काय की कापून घेत्यात बगा." श्रोतेहो, ते 'काय की' म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा होता. वर्षाला ४३६ रुपये हप्ता, आणि विमा उतरलेला माणूस दगावला तर वारसाला दोन लाख रुपये. यजमानांनी कधीतरी एका कागदावर सही केली होती आणि घरी सांगायचे राहून गेले होते. आम्ही शाखाधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी मात्र जागचे उठून कागद काढले, अर्ज भरून घेतला, कोणता दाखला कमी पडतो ते चिठ्ठीवर लिहून दिले. पुढे यथावकाश ते दोन लाख बाईंच्या खात्यावर जमा झाले.

या प्रसंगात कोणी कोणाला फसवले नाही, हे ध्यानात घ्या. खिडकीवरचा मुलगा लबाड नव्हता, शाखाधिकारी तर भला माणूस. तरीही एक ओळ वाचली गेली नसती, तर दोन पोरांच्या शिक्षणाचा पैसा खात्याबरोबरच बंद झाला असता. म्हणून मी म्हणतो की पासबुक ही बँकेने हौसेने दिलेली वही नव्हे. तो आपला दस्तऐवज आहे. आणि आपल्या भागात तो फुकटाफाकट आलेला नाही.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजार भरला होता. त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या इतर गावांतही पसरले. या दंग्यात शेतकऱ्यांना हवे होते ते मुख्यतः कागद. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढायच्या आणि त्यांची होळी करायची. ज्या सावकाराने रोखे मुकाट्याने दिले, त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. असे का? कारण त्या कागदावर अंगठा शेतकऱ्याचा होता, पण त्यातले अक्षर त्याला वाचता येत नव्हते. किती घेतले, किती फेडले, व्याज कसे चढले, हे सारे सावकाराच्या वहीत. शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही.

सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी एक कायदा झाला. तो प्रथम चार जिल्ह्यांना लागू झाला : पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपले सोलापूर. त्या कायद्यात एक प्रकरणच पावत्या आणि हिशेब यांविषयी आहे. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे. वर्षाला हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे. आणि त्याने मागितल्यास त्याचा हिशेब वेळोवेळी पासबुकात लिहून दिला पाहिजे. न दिल्यास दंड. पहा, पासबुक हा शब्द आपल्या जिल्ह्यातल्या कुणब्याच्या हक्काशी तेव्हापासून जोडलेला आहे.

त्यानंतर बँक आपल्या दाराशी यायला फार काळ लागला. १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. तीत असे दिसले की शेतकऱ्याने काढलेल्या शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे जेमतेम तीन रुपये होते आणि व्यापारी बँकांचा तर एक रुपयाही भरत नव्हता. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शाखा खेड्यांकडे वळल्या. २८ ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती निघाली, आणि ज्याच्या घरात पेटीही नव्हती, त्याच्याही नावाने खाते झाले. म्हणजे गावापासून बँकेपर्यंतचे अंतर मिटले. राहिले ते खिडकीच्या अलीकडचे आणि पलीकडचे अंतर. ते कायद्याने मिटत नाही, ते आपल्यालाच तोडावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, बँकेचेही काही चुकत असेल की नाही? चुकते, पुष्कळ चुकते. "सर्व्हर बंद आहे," हे वाक्य ऐकून म्हातारी माणसे पाच-पाच मैल माघारी गेलेली मी पाहिली आहेत. एकाच खिडकीवर पीककर्ज, पेन्शन आणि भरणा; माणूस एक आणि रांग दाराबाहेर. परंतु आपलेही चुकते. बाजाराच्या दिवशीच सगळ्यांनी लोटायचे. अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यायचा आणि काय लिहिले ते विचारायचे नाही. पासबुक आणि कार्ड 'विश्वासाच्या माणसा'पाशी ठेवून द्यायचे. आणि सगळ्यांत मोठी चूक अंगठ्याची. पूर्वी अंगठा रोख्यावर उठत होता. आता तो गावातल्या बँकमित्राच्या लहानशा यंत्रावर उठतो. यंत्र सोयीचे आहे, त्याला नावे ठेवू नका. पण रक्कम किती टाकली ते पडद्यावर पाहिल्याशिवाय, किंवा मोठ्याने वदवून घेतल्याशिवाय अंगठा टेकू नका. आणि चिठ्ठी घेतल्याशिवाय उठू नका. अंगठा दोनदा मागितला, तर का मागितला ते विचारा.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी त्या टिपून घ्याव्यात.

पहिली गोष्ट. बचत खात्याचे पासबुक हा तुमचा हक्क आहे आणि त्यातल्या नोंदींचा अर्थ खातेदाराला लागला पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी पासबुक भरून घ्या. जी ओळ कळत नाही, ती विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट. खात्याला वारस नेमा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात. वारसाचे नाव नसले की मागे राहिलेल्यांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. आणि घरात निदान एका माणसाला आपली खाती आणि विमे ठाऊक असू द्या.

तिसरी गोष्ट. बँक अडचणीत आली, तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे पाच लाखांपर्यंत रक्कम मिळते, मुद्दल आणि व्याज धरून. सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना २०२२ च्या सप्टेंबरात रद्द झाला, तेव्हा लहान ठेवीदारांना आधार होता तो याच विम्याचा. मात्र हे संरक्षण बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. पाटीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था', हे वाचून मगच जन्माची पुंजी ठेवा. अर्धा-एक टक्का जादा व्याजाच्या मोहाने पुष्कळांनी हात पोळून घेतले आहेत.

चौथी गोष्ट तक्रारीची. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. चार ओळी कागदावर लिहा, शाखाधिकाऱ्यांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. हिला पोच म्हणतात. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसा पडत नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले असतील, तर मात्र एक दिवसही थांबू नका. लगेच बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर अशा बाहेरच्या फसवणुकीचा भार तुमच्यावर पडत नाही.

शिक्षकांना एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांना सरळव्याजाची उदाहरणे आपण घालतोच. एक तास असा करा की फळ्यावर पासबुकाचे एक पान काढायचे. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. नावे पडले म्हणजे गेले, जमा झाले म्हणजे आले, हे मुलांकडून वदवून घ्यायचे. मग सांगायचे, आज घरी जाऊन आजीला तिचे पासबुक वाचून दाखवा. मात्र ते वर्गात आणायचे नाही आणि शिल्लक कोणाला सांगायची नाही, कारण तोही व्यवहाराचाच धडा आहे.

त्या बाई मागे एकदा बाजारात भेटल्या. हातात पिशवी, पिशवीत पासबुक. म्हणाल्या, "सर, आता दर महिन्याला भरून घेती. थोरली वाचती, मी ऐकती." दीडशे वर्षांपूर्वी सुप्याच्या बाजारात ज्यांनी कागद जाळले, त्यांना तो कागद वाचता येत नव्हता. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना तो वाचता येतो. तेव्हा श्रोतेहो, या आठवड्यात एवढे करा : फडताळातले, ट्रंकेतले, देवाच्या फोटोमागचे आपले पासबुक बाहेर काढा, ते भरून घ्या, आणि घरातल्या सर्वांना बसवून एकदा शेवटपर्यंत वाचा.