मताखाली नाव हवं



महाविद्यालयाच्या ग्रंथालयाबाहेरच्या भिंतीवर तुम्हा विद्यार्थ्यांचं भित्तिपत्रक लागलं आहे. ‘मोबाइल, मीडिया आणि आमचं कॉलेज’ असा यंदाचा विषय. आठ-दहा ओळी, स्वतःच्या अक्षरात, एवढीच अट होती असं मला सांगितलं. मी ते सगळे कागद वाचले. इथे बोलण्यासाठी मी वेगळा विषय ठरवून आलो होतो, पण ते वाचल्यावर त्यांच्याबद्दलच बोलावं असं ठरवलं. वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांचं पान मी बरीच वर्षं सांभाळलं. सामान्य माणसाने आपल्या रोजच्या जगण्यावरून काढलेलं मत किती मोलाचं असतं, ते मी तिथे शिकलो. तसंच मोल मला त्या भिंतीवर दिसलं.

वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने कांद्याच्या भावाबद्दल लिहिलंय. वडील रोज संध्याकाळी त्याला विचारतात, आज भाव काय निघाला? त्याच्या फोनवर सटाणा, नामपूर, उमराणे, लासलगाव असे बाजारभावांचे ग्रुप आहेत. तो म्हणतो, मेसेजमध्ये ठळक अक्षरांत जो आकडा येतो तो जास्तीत जास्त भावाचा असतो. दिवसभरात एखाद्या वक्कलाला, म्हणजे लिलावातल्या एखाद्याच लॉटला, तो मिळालेला असतो. पण ट्रॅक्टर भरायचा की कांदाचाळीत साठवलेला माल आणखी थांबवायचा, हे घराघरांत त्या आकड्यावरून ठरतं. बाजार समितीच्या फलकावर मात्र आकडे तीन असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. शेतकऱ्याच्या उपयोगाचा आकडा सरासरीचा, आणि मेसेज पुढे पुढे जाताना नेमका तोच गळतो. आपल्या ट्रॉलीत सुपर माल आहे की बारीक गोल्टी, हे तर त्या मेसेजला माहीतच नसतं. म्हणून हा मुलगा आता घरी सरासरी भाव सांगतो आणि ग्रुपवरही तिन्ही आकडे टाका म्हणून मागे लागतो. काही जण त्याच्यावर चिडतात, असंही त्याने लिहिलंय.

हा कागद वाचून मला फार आनंद झाला. बातमीतलं काय ठळक होतं आणि काय गाळलं जातं, हे समजायला पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला दोन वर्षं लागतात. या मुलाला ते चाळीतल्या कांद्याने शिकवलं. त्याने ते कुठून उचललेलं नाही. त्याच्या वडिलांचा पैसा त्यात अडकलेला आहे, म्हणून त्याने आकडा तपासला आणि मत बनवलं. ही मत बनवायची पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते.

एका विद्यार्थिनीने एआयबद्दल लिहिलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून प्रकल्पाची वही कोण लिहितं, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयात आहे. या मुलीने ‘माझे गाव’ असा निबंध त्याच्याकडून लिहून घेतला. भाषा स्वच्छ होती, एकही चूक नव्हती. पण त्यात गावाजवळून बारमाही झुळझुळणारी नदी होती. तिने लिहिलंय, आमच्या मोसम नदीचं पात्र उन्हाळ्यात कसं कोरडं पडतं आणि विहिरीवर पाळी कशी लावावी लागते, हे त्याला मी सांगितलंच नव्हतं, मग त्याने कुठून लिहावं? एआय वापरू नये असं ती म्हणत नाही. माहिती आपली असेल तर मांडणीला त्याची मदत घेता येते, माहितीच त्याची असेल तर गाव कुठलंही होतं, असं तिचं म्हणणं आहे. प्राध्यापक मंडळींनी प्रकल्पाचे विषय ठरवताना हे मत विचारात घ्यावं, अशी माझी विनंती आहे. आरम आणि मोसमच्या खोऱ्यातल्या पाण्याच्या वाटपावर प्रकल्प दिला, तर मुलांना विहिरीवर जावंच लागेल.

आणखी एका मुलीचा कागद आहे, अगदी पाच ओळींचा. वर्गात मोबाइल आणू नका म्हणतात; परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, हजेरी, निकाल सगळं मोबाइलवर; आमच्या घरात फोन एक, तो भावाकडे. बस, एवढंच. त्यात तक्रारीचा सूर नाही, पण माझ्यासारख्या माणसाला त्या पाच ओळी पुरेशा आहेत. पोरं मोबाइलमध्ये बुडाली असं आपण वडीलधारे सरसकट म्हणतो तेव्हा ही मुलगी आपल्या डोळ्यांसमोर नसते. ओटीपी भावाच्या फोनवर येतो, भाऊ शेतात असतो आणि अर्जाची मुदत संपायला अर्धा तास राहिलेला असतो. तिच्यासाठी तंत्रज्ञानाचा प्रश्न हा आहे. पालकांनो, मुलगी बारावी झाली की तिच्या नावाचं सिमकार्ड आणि साधा का होईना, पण तिचा स्वतःचा फोन तिला द्या. मी हे कळकळीने सांगतोय.

रीलबद्दल तर बऱ्याच जणांनी लिहिलंय. त्यातलं एक मत मला विशेष वाटलं. तो विद्यार्थी म्हणतो, मला शेतीची यंत्रं आवडतात, पण मला दाखवल्या जातात भांडणांच्या रील. त्याचं निरीक्षण बरोबर आहे, आणि त्यामागचं कारणही समजून घ्या. ही यंत्रणा तुमचा अंगठा कुठे थांबला आणि किती वेळ थांबला, हे मोजते. भांडण दिसलं की माणूस थबकतो, रस्त्यावरही थबकतो. त्या थबकण्याची नोंद होते आणि पुढचं भांडण समोर येतं. आवडणं आणि थांबणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण यंत्रणेला मुख्यतः दुसरीच दिसते. पडदा सरकवत राहा, शेवट येतच नाही, ही सोय २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या तरुणाने तयार केली. माणसांच्या किती वेळाची त्यामुळे नासाडी झाली, याबद्दल पुढे त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. तेव्हा रात्री एक वाजेपर्यंत फोन सुटला नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवू नका. समोर तुम्हाला थांबवून ठेवण्याचा पगार घेणारी हुशार माणसं बसलेली आहेत. हे कळलं की त्या मुलासारखं मत बनतं, आणि मत बनलं की फोन बाजूला ठेवणं थोडं सोपं होतं.

आता ज्या कागदापाशी मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो, त्याबद्दल बोलतो. त्याची शेवटची ओळ आहे, ‘पण आमचं मत विचारतं कोण?’

मित्रांनो, आपल्याच महाराष्ट्रात, पालघरमध्ये, नोव्हेंबर २०१२ मध्ये दोन तरुण मुलींना त्यांच्या मतासाठी अटक झाली होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने ती पोस्ट लाइक केली. दोघी तेव्हा तुमच्यापेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठ्या. जमावाने एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड केली. मुलींवर ज्या कलमांखाली गुन्हा नोंदवला गेला, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलम होतं. ऑनलाइन लिहिलेल्या मजकुराने कुणाला त्रास झाला, गैरसोय झाली, तरी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकेल, असं ते मोघम कलम होतं. त्रास म्हणजे काय, गैरसोय म्हणजे किती, याची व्याख्याच नव्हती.

त्या अटकेची बातमी वाचून दिल्लीतली एक तरुणी अस्वस्थ झाली. श्रेया सिंघल. वय एकवीसच्या आसपास, कायद्याच्या शिक्षणाच्या उंबरठ्यावर. हे कलम घटनेत बसत नाही, असं तिचं मत झालं आणि ते घेऊन ती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. एखाद्या विषयाची चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि लोकांना चिथावणी देणं, या तीन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही बोचल्या तरी तुमचा हक्क आहेत. तिसरीपाशी कायदा हात घालू शकतो. आज तुम्ही महाविद्यालयाच्या कारभाराबद्दल, सरकारबद्दल किंवा माझ्या या भाषणाबद्दल फोनवर चार ओळी लिहू शकता, त्यामागे एका विद्यार्थिदशेतल्या मुलीची याचिका आहे. तेव्हा मत विचारतं कोण, याचं उत्तर असं, की वाट बघू नका. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

पण याच महाराष्ट्रातली दुसरी घटना सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ती तर आपल्या शेजारची आहे. ताहाराबादहून शेलबारीचा घाट ओलांडला की पिंपळनेर आणि त्याच्या पुढे राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. संशय आला, जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत त्या पाचही जणांचा मारून मारून जीव घेतला. पाच निरपराध माणसं. त्यांच्या बायकामुलांना ते कुठल्या शब्दांत कळवलं असेल, मला कल्पना करवत नाही.

त्या महिन्यांत देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरच्या एका मुलाला उचलून नेतात, असं तिच्यात दिसायचं. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेलं आपल्याकडे घरोघरी पोचलं. पुढे पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या मनात वाईट काही नसणार. आपल्या भाच्या-पुतण्यांच्या काळजीनेच त्यांनी ते पाठवलं. पण त्यातल्या कुणी ते स्वतः पाहिलेलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, कुणी तपासलं नव्हतं. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. त्या मेसेजवर दोन बाणांची खूण असते, ती तुम्ही रोज बघता.

पालघर आणि राईनपाडा मी मुद्दाम एका दमात सांगितलं. पालघरच्या मुलीने जे लिहिलं ते तिचं होतं, तिच्या नावाने होतं, ते खोडून काढायला किंवा वाद घालायला समोर एक माणूस होता. राईनपाड्यापर्यंत पोचलेल्या अफवेला मालकच नव्हता. जाब विचारायचा तर कुणाला? ऑनलाइन माध्यमं चांगली की वाईट, यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिलंय. मला विचाराल तर मी आधी एवढंच बघतो, की या शब्दांमागे कुणी उभं आहे का.

पत्रांच्या पानाचा आमचा एक नियम होता. पूर्ण नाव, गाव, पत्ता आणि सही नसेल तर पत्र छापायचं नाही. अडचण असेल तर नाव गुप्त ठेवू, पण आम्हाला ते माहीत हवं. निनावी पत्रं बहुधा जास्त चटकदार असत, त्यांचा मोह व्हायचा. पण अनुभव असा, की नाव लिहायची वेळ आली की माणूस वाक्य पुन्हा वाचतो. ‘सगळे अधिकारी’ खोडून ‘आमच्या गटातले अधिकारी’ करतो. ‘कधीच पाणी येत नाही’ याचं ‘मंगळवारपासून पाणी आलेलं नाही’ होतं. पत्र त्यामुळे मिळमिळीत होत नाही, उलट त्याला उत्तर देणं भाग पडतं. तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर एवढं एकच करून बघा. दुसऱ्याचं पाठवताना वर स्वतःची एक ओळ लिहा: हे मी पाहिलं, की फक्त माझ्यापर्यंत आलं? ती ओळ लिहिता येत नसेल तर ते पाठवू नका.

मघाशी चहाच्या वेळी तीन विद्यार्थिनींनी माझ्या हातात एक अर्ज दिला. संगणक कक्ष तास संपल्यावर बंद होतो, तो रोज आणखी दोन तास उघडा ठेवावा, म्हणजे ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना अर्ज भरता येतील, अशी मागणी आहे. मागणी शंभर टक्के रास्त आहे. मी व्यासपीठावरून ती पूर्ण करून घ्यावी, असं त्यांना वाटत असणार. प्राचार्य सर शेजारीच बसले आहेत, त्यांच्या कानावर ती आता गेलीच. पण मुलींनो, तो अर्ज मी तुम्हाला परत देतोय, कारण तो तुमचा आहे. त्यात ‘सर्व विद्यार्थिनींची मागणी’ असं लिहिलंय, तिथे नेमक्या किती जणींची ते लिहा. मागच्या सत्रात कुठले अर्ज राहिले आणि कुणाची शिष्यवृत्ती हुकली, ते लिहा. कक्षात थांबायला शिपाईकाकांना वेळ द्यावा लागेल, त्याबद्दल त्यांच्याशी आधी बोला आणि त्यांचं म्हणणंही अर्जात घाला. खाली प्रत्येकीचं नाव, वर्ग आणि सही. दोन प्रती काढा. सोमवारी अकरा वाजता कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.