ढेकूण : लाज नको, दक्षता हवी

(रुग्णालयाच्या आरोग्य प्रबोधन व्याख्यानमालेत आरोग्यसेविका व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर वाचून अनेकांच्या चेहऱ्यांवर हसू उमटलेले आम्ही पाहिले. हृदयविकार, मधुमेह, क्षयरोग अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत ढेकणाला पाट कसा मांडला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका अनुभवात आहे.

एका रात्री पाच वर्षांच्या एका मुलाला आमच्या अपघात विभागात आणण्यात आले. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या होत्या, श्वास घरघरत होता. विषबाधेची लक्षणे उघड होती. परंतु वडील काहीच सांगण्यास तयार नव्हते. बऱ्याच विनवणीनंतर त्यांनी सांगितले की, घरात ढेकूण झाले होते, म्हणून पिकावर फवारण्याचे औषध आणून गादीवर शिंपडले आणि गादी वाळल्यावर मुलाला तिच्यावर निजवले. सहा दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवल्यानंतर ते मूल सुदैवाने बरे झाले. ‘‘आधी कोणाला विचारले का नाही?’’ असे आम्ही विचारले, तेव्हा ते गृहस्थ मान खाली घालून म्हणाले, ‘‘घरात ढेकूण झालेत, हे कोणत्या तोंडाने सांगायचं, डॉक्टरसाहेब?’’

ढेकणाने त्या मुलाला मारावयास घेतले नव्हते. लाजेने घेतले होते. म्हणून आजचे हे व्याख्यान.

जुना सोबती

ढेकूण हा मानवाचा फार प्राचीन सोबती. संस्कृतात त्याला मत्कुण म्हणतात. पंचतंत्रात मंदविसर्पिणी नावाच्या उवेची आणि अग्निमुख नावाच्या ढेकणाची कथा आहे. राजाच्या शय्येत राहणारी ऊ या आगंतुकाला आश्रय देते. तो उतावीळपणे राजाला चावतो आणि पलंगाच्या फटीत पसार होतो. सेवक शय्या तपासतात, त्यांना सापडते ती बिचारी ऊ, आणि प्राण तिचा जातो. कथेचे तात्पर्य आपण जाणताच. कीटकशास्त्राच्या दृष्टीनेही दोन गोष्टी त्यात अचूक आहेत : ढेकूण राजाच्या पलंगातही होतो, आणि चावून झाल्यावर तो अंगावर न राहता फटीत दडतो.

ढेकणाचा अस्वच्छतेशी थेट संबंध नाही. त्याला कचरा नको असतो. त्याला रक्त आणि फट हवी असते. २०२३ मध्ये फ्रान्समध्ये, विशेषतः पॅरिस शहरात, ढेकणांवरून केवढा गदारोळ उडाला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. अस्वच्छ व अडगळीच्या घरात त्याला लपण्यास जागा अधिक मिळते, इतकेच. तेव्हा ज्याच्या घरी ढेकूण निघाले त्याला गबाळा ठरविणे हा अन्याय आहे.

ओळख कशी पटवावी?

पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे ५ ते ७ मिलिमीटर लांब, तांबूस तपकिरी, बिनपंखी आणि मसुराच्या डाळीसारखा चपटा असतो. रक्त प्याल्यावर तो फुगतो आणि गडद लाल दिसतो. पिल्ले फिकट, जवळजवळ पारदर्शक असतात. अंडी पांढरी, सुमारे १ मिलिमीटर लांबीची असून ती फटीत चिकटवलेली असतात. मादी आपल्या आयुष्यात दोनशेहून अधिक अंडी घालू शकते. उष्ण हवेत अंडी साधारणपणे सहा ते दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकून प्रौढ होते, आणि प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी त्याला रक्त प्यावेच लागते. रक्त न मिळाल्यास प्रौढ ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो. घर महिनाभर बंद ठेवले म्हणजे ढेकूण मरतात, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

अंगावरील गांधींवरून निदान करण्याची घाई करू नये. ढेकूण बहुधा हात, मान, पाय अशा उघड्या भागांवर चावतो. गांधी कधी एका ओळीत, कधी झुबक्याने उठतात. परंतु एकाच अंथरुणावर निजणाऱ्या दोघांपैकी एकाचे अंग सुजते आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, असे नेहमी घडते. डासांच्या चाव्यानेही तशाच गांधी येतात. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर रात्री वाढणारी खाज घरातील अनेकांना असेल, तर ती खरूज असण्याचा संभव असतो, आणि तिचे उपचार सर्वस्वी वेगळे आहेत. त्वचारोग विभागात आमच्याकडे ‘ढेकूण चावतात’ म्हणून आलेले रुग्ण खरजेचे निघाले आहेत, आणि खरजेची मलमे लावून थकलेल्यांच्या घरी ढेकूण निघाले आहेत.

खरी साक्ष अंथरुणातच मिळते. दिवसा उजेडात किंवा विजेरी घेऊन गादीची शिवण आणि काठ उलगडून पाहावे. शाई सांडावी तसे बारीक काळे ठिपके ही ढेकणाची विष्ठा असते. ओल्या कापसाने पुसल्यास ती पसरते. त्याजवळ टाकलेली कात, अंडी किंवा जिवंत ढेकूण सापडले, की शंका उरत नाही. त्यानंतर पलंगाचे सांधे, बाजेच्या सुंभाचे वळसे, भिंतीवरील तसबिरींच्या मागची बाजू, पडद्यांच्या दुमडी, विजेच्या बटणांच्या पेटीच्या कडा आणि पुस्तकांच्या बांधणीच्या खाचा पाहाव्यात. जुने कडक कार्ड फटीतून फिरविल्यास आत दडलेले बाहेर येतात.

आजार पसरतो काय?

या प्रश्नाला आपल्या देशात एक इतिहास आहे. १९०७ मध्ये मद्रास इलाख्यात संशोधन करणाऱ्या डॉ. पॅटन यांना काळा आजाराचे परोपजीवी ढेकणाच्या शरीरात वाढताना दिसले आणि संशयाची सुई ढेकणाकडे वळली. पुढे अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी हा रोग वालुमाशीमुळे पसरतो हे सिद्ध केले. ढेकणाच्या चावण्यातून एड्स किंवा कावीळ होते, ही भीतीही निराधार आहे. मात्र झोपमोड, खाजवून झालेल्या जखमांत होणारा पू, आणि ढेकूण फार झाले असता लहान मुलांत व वृद्धांत रक्त कमी होणे, हे त्रास खरे आहेत. याहून मोठा धोका आहे तो उपायांचा.

विषाचा मोह

दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी.ने ढेकणांचा जवळजवळ निःपात केला असे जगाला वाटले. पण १९४७ च्या सुमारासच हवाई बेटांवर डी.डी.टी.ला न जुमानणारे ढेकूण आढळले. आज बाजारात मिळणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गातील फवाऱ्यांनाही अनेक ठिकाणचे ढेकूण दाद देत नाहीत. फवारा मारल्यावर ते मरण्याऐवजी पांगतात आणि शेजारच्या खोलीत जातात. धुराचे डबे फटीत पोहोचत नाहीत. मग माणूस अधिक जहाल औषध शोधू लागतो, आणि तेथेच अनर्थ घडतो.

शेतीचे औषध घरात कधीही वापरू नये. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनी खूण असते. तिच्यातील लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी असे दर्शवितो. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर पलंगाखाली ठेवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो, तो शेजारच्या घरातही शिरतो, आणि त्यावर उतारा नाही. रॉकेल किंवा पेट्रोल शिंपडणे हे आगीला निमंत्रण. विषबाधेचा संशय येताच रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, दूषित कपडे काढून अंग साबणाने धुवावे, उलटी करवू नये आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तात्काळ रुग्णालय गाठावे.

करावयाचे उपाय

पहिला उपाय उष्णता. ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात चादरी, अभ्रे, गोधड्या धुतल्यास ढेकूण व अंडी दोन्ही मरतात. लोखंडी खाटेच्या सांध्यांत व बाजेवर उकळते पाणी ओतण्याची आपल्या आजीची रीत शास्त्रशुद्धच होती. गादी उन्हात टाकणे मात्र पुरेसे नाही. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात आणि कापसाच्या आतल्या थरापर्यंत उष्णता पोहोचत नाही. गादीला चेन असलेली घट्ट विणीची खोळ घालून ती वर्षभर न काढणे हितावह.

दुसरा उपाय फटी बुजविणे. भिंतीच्या भेगांत सिमेंट, लाकडी सांध्यांत लांबी भरावी. पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये, पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

तिसरा उपाय चिकाटी. औषध मारून घ्यावयाचे असल्यास १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये परवाना असलेल्या व्यावसायिकाकडूनच घ्यावे, आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा घ्यावे. कारण अंडी पहिल्या फवाऱ्यातून वाचतात. चाळीत किंवा सोसायटीत शेजारच्या खोल्यांचीही तपासणी एकाच वेळी व्हावी. त्यानंतर दोन महिने आठवड्यातून एकदा शिवणी पाहाव्यात.

आणि प्रतिबंध : जुने फर्निचर वा गादी घेताना शिवणी व सांधे पाहिल्याशिवाय घरात आणू नये. प्रवासात सामान पलंगावर न ठेवता उंच जागी ठेवावे. परत आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकावेत आणि बॅग झोपण्याच्या खोलीत नेऊ नये. वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या मुलांच्या वळकटीलाही हाच नियम लावावा.

आमची कबुली

शेवटी एक कबुली. आमच्याच रुग्णालयातील नातेवाइकांच्या विश्रांतिगृहात ढेकूण निघाले, तेव्हा आमचा पहिला विचार ‘बाहेर कळता कामा नये’ हाच होता. आठ दिवस आम्ही गप्प राहिलो, आणि त्या आठ दिवसांत किती जणांच्या वळकट्यांतून ते घरोघरी गेले असतील, याचा हिशेब आमच्याकडे नाही. मग फलकावर स्पष्ट लिहिले, गृह बंद केले, खाटा उकळत्या पाण्याने धुतल्या, फटी बुजविल्या, आणि तेथे राहून गेलेल्यांना निरोप पाठविले. कोणीही आम्हांला हसले नाही. उलट, ‘आमच्याकडेही आहेत, काय करावे?’ असे विचारणारे पुढे आले. आजची ही गर्दी त्यातूनच जमली आहे.

आरोग्यसेविका भगिनींना आमची एकच विनंती आहे. घरभेटीला जाल तेव्हा हा प्रश्न हळुवारपणे, परंतु अवश्य विचारा. ज्या घरात तो निःसंकोचपणे विचारला व सांगितला जाईल, त्या घरात विषाचा डबा येणार नाही.