थांबलेलं आवर्तन



विषय कळल्यावर पहिला प्रश्न घरातूनच आला, 'रेडिओवर पाळीबद्दल बोलणार?' बोलणार. लग्न झालेल्या मुलीची पाळी चुकली की घर बोटं मोजायला लागतं. लग्न न झालेली मुलगी मात्र चार-चार महिने सांगतच नाही, कारण सांगितलं तर घरच्यांच्या मनात भलतंच येईल ही भीती. तेवढ्यात तिकडे हाडं झिजायला लागलेली असतात.

दादऱ्याची एक मुलगी नडगी धरून लंगडत माझ्याकडे आली होती. वय १९. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायची. पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती, तरी नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. मी विचारलं, 'पाळी कधी आली होती?' 'होळीपासून नाही, मॅडम.' तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आणि वर हसून म्हणाली, 'बरंच झालं की, पळायला मोकळं.' आईने तिला मध्येच थांबवलं, 'एकदा आली होती ना गं, गोळीने.' मेडिकलमधून आणलेली गोळी. पाच दिवस घेतली, अंगावरून गेलं, आईच्या जिवाला स्वस्थता.

खाण्याचं विचारलं. सकाळी कोरा चहा, दुपारी नागलीची अर्धी भाकरी, रात्री भूक नाही. आठवड्याचे तीन उपवास. बाकीचं घर उपवासाला साबुदाण्याची खिचडी खातं, ही लिंबूपाण्यावर.

आपल्याकडे दमणगंगेवर मधुबन धरण आहे, त्यामुळे हे समजायला सोपं जाईल. पाणी कमी असलं की आधी शेतीचं आवर्तन रद्द होतं, पिण्याचं राखून ठेवतात. शरीरही तेच करतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. अंगातली चरबी घटली, त्या चरबीतून येणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक कमी झालं, की त्याला कळतं, आवक तुटली. मग तो पुढचे इशारे मंद करतो. बीजकोश थंडावतात, इस्ट्रोजेन आटतं, आवर्तन बंद. हृदय चालू ठेवायचं म्हणून गरोदरपणाची तयारी रद्द. काटकसर शहाणपणाचीच म्हणायची, फक्त तिचा भुर्दंड हाडांना बसतो.

हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. तिथे पाडणारे आणि बांधणारे असे दोन प्रकारचे कामगार कायम राबत असतात. इस्ट्रोजेन हा पाडणाऱ्यांवरचा मुकादम. तो गेला की पाडकाम सुसाट सुटतं. पाळी जाण्याच्या वयातल्या बाईचं हेच होतं. पण अर्धपोटी मुलीत बांधकामही मंदावतं, कारण हाड बांधायला लावणारी संप्रेरकं उपाशीपोटी घटतात आणि ताणाचं कॉर्टिसॉल वाढतं. पाठीच्या मणक्यांतलं जाळीदार हाड सगळ्यात आधी विरळ होतं. त्यात वय असं, की मुलींच्या हाडांचा जवळपास ९० टक्के भरणा अठराव्या वर्षापर्यंत व्हायचा असतो. भरणा करायच्या वयातच उचल सुरू.

१९८४ साली अमेरिकेतल्या बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी पाळी थांबलेल्या धावपटू मुलींचे मणके मोजले. मुलींचं सरासरी वय २५, मणके ५१ वर्षांच्या बायकांसारखे. म्हणजे व्यायामाने हाड बळकट होतं हे खरं, पण पोटात काही असेल तर. त्याच साली त्याच वैद्यकीय नियतकालिकात, जाणूनबुजून उपाशी राहण्याचा आजार, म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया, असलेल्या बायकांची हाडंही ठिसूळ आढळल्याचं छापून आलं.

यावर हमखास ऐकू येतं, 'ही श्रीमंतांच्या पोरींची थेरं. आपल्याकडे पोट भरायची मारामार.' मारामार आहेच. पण हाड कारण विचारत नाही. घरात धान्य नव्हतं की ताट मुद्दाम सरकवलं, झीज तीच. शिवाय आपल्या मुली 'मी जाडी आहे' असं म्हणतीलच असं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुणींची हकिकत छापली. खायला नकार, सततच्या उलट्या, घटलेलं वजन, बंद पाळी. पण आपण लठ्ठ दिसतो ही पुस्तकातली तक्रार त्यांच्यात नव्हती. 'पोट भरलंय', 'जळजळतं', 'गुरुवार आहे', ही आपल्याकडची भाषा. आणि वाळत चाललेली मुलगी बघितली की आपल्याला आधी क्षय आठवतो. तो तपासायलाच हवा. गंमत म्हणजे अ‍ॅनोरेक्सियाचं जुनं वर्णन सापडतं तेही क्षयावरच्याच पुस्तकात. लंडनचे रिचर्ड मॉर्टन, साल १६८९. अठराव्या वर्षी पाळी थांबलेली मुलगी, अंगाचा सापळा झालेला, पण ताप नाही, खोकला नाही. मॉर्टननी क्षयाचाच एक वेगळा प्रकार म्हणून तिची नोंद केली. ती वाचली नाही.

आता मेडिकलमधून आणलेली ती गोळी. तिच्याने अंगावरून जातं, पण ते बाहेरून दिलेल्या संप्रेरकाचं. बंद पडलेलं आवर्तन तिने सुरू होत नाही. महिनोन्‌महिने घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही अशा मुलींची हाडं वाचत नाहीत. उलट रक्तस्राव दिसत राहतो आणि धोक्याची खूण तेवढी पुसली जाते. बोस्टनमध्ये मधुस्मिता मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या पट्टीने अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या किशोरींच्या हाडांची घनता वाढते. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जाताना हाड बांधणारं एक संप्रेरक कमी करतं, पट्टीचं तसं होत नाही. पण तोही जोडउपचार, तज्ज्ञाच्या हातचा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही द्यावं, नागली तर कॅल्शियमची खाणच. मात्र अर्ध्या भाकरीवर कॅल्शियमची गोळी म्हणजे सिमेंट आणलं आणि गवंड्याला उपाशी ठेवलं.

तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टर गाठा. इथे सिल्वासाला सरकारी हॉस्पिटल आहे. गरोदरपणाची तपासणी आधी होईल, त्यात अपमान मानू नका. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस हेही बघतात. सहा महिन्यांवर गेलं असेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी विचारा. त्या कागदावर 'टी' आणि 'झेड' असे दोन आकडे असतात. तरुण मुलीचा 'झेड' बघायचा. तो उणे दोन किंवा त्याखाली असेल तर वयाच्या मानाने हाड कमी आहे. आणि खूप दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला मायेपोटी एकदम ताटभर भरवू नका. रक्तातले क्षार कोसळून जिवावर बेतू शकतं, वाढवायचं ते डॉक्टरांच्या सांगण्याने. घास घशाखाली उतरतच नसेल तर ते मनाचं दुखणं असू शकतं, हट्ट नव्हे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

दादऱ्याच्या त्या मुलीचं पळणं मी बंद केलं तेव्हा ती रडली. भरती हुकली. मग आहारतज्ज्ञ, समुपदेशन, दुपारी पूर्ण भाकरी, पुढे दोन, रात्री डाळभात. हे दोन ओळींत सांगितलं, पण त्यात आठ महिने गेले आणि मधल्या दोन महिन्यांत तिने वजनकाट्यावर उभं राहायलाच नकार दिला. पाळी आली ती कुठल्याही गोळीशिवाय, आईने सकाळी सातला फोन करून सांगितलं. डेक्साचा आकडा थोडा सुधारलाय, पण अजून उण्यातच आहे. हाड पाळीच्या मागून चालतं, आणि सगळं परत येईलच असं मी तिला सांगितलेलं नाही. पावसाळा संपला की पुन्हा मोजायचंय. ती सध्या चालते, पळत नाही. परवा विचारत होती, 'मॅडम, पुढच्या भरतीचा फॉर्म भरू का?' मी म्हटलं, 'फॉर्म भर. पळायचं कधी ते आकडा बघून.'