परतवाड्याच्या वरचा रिकामा नकाशा

अचलपुरातून उत्तरेला पाहिलं की निळा डोंगर दिसतो. त्याच्यामागं मेळघाट. फोनवर नकाशा झूम करा: हिरवं, हिरवं, मधातच एखादं गाव. आपल्याकडं म्हणतात, तिकडं काही नाही. मला हे पटत नाही.

कड्यावर १,११८ मीटरवर चिखलदरा. २०११ च्या जनगणनेत जेमतेम पाच हजार लोक, तरी नगरपरिषद आहे बरं! शेजारी गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेनं तो भोसल्यांकडून घेतला. मोठ्या तोफा डोंगरातून रस्ता करत उत्तरेकडं ओढत नेल्या होत्या. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला, अन् वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं.

पण खरी गोष्ट कोरकूंची. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाहीच. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण. त्या बहिणी पार झारखंडाकडं, ही एकटी इकडं सातपुड्यात.

१९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट आला. आता गाभ्यातली गावं उठून अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर येतात. पॅकेज कुटुंबामागं १० लाख होतं, नंतर १५ झालं. वाघाला जागा पाहिजे, मान्य. पण मोहफुलं, डिंक, चराई याचा हिशोब त्या आकड्यात कुठं बसतो? आणि गाव उठलं की त्याचं नावही हळूहळू नकाशावरून जातं.

तुमच्या घरी कोणाला अशा गावनावांचे कोरकू अर्थ माहीत असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.