हॉटेल मॅनेजमेंट की जनरल मॅनेजमेंट?
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत एक प्रश्न हटकून निघतो. मुलाला हॉटेल मॅनेजमेंटला घालावे, की पदवीनंतर एम.बी.ए. करू द्यावे? पगार कोठे जास्त? आमचे म्हणणे असे, की नुसत्या पगाराच्या आकड्यावर जाऊ नये. पहिला पगार कितव्या वर्षी घरात येईल आणि कर्जाचा हप्ता वजा जाता हाती काय उरेल, हे आधी पाहावे.

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी बारावीनंतर तीन वर्षांत मिळते. केंद्रीय संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा असते. मुंबईत दादरला अशी संस्था आहे. सुरुवातीचा पगार बेताचा, रात्रपाळी असते, सणावारी सुट्टी नसते. पण हातात हुन्नर येतो, जहाजांवर व परदेशातही काम मिळते. मात्र २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद पडली, हेही विसरू नये.

एम.बी.ए.ला बारावीनंतर किमान पाच वर्षे लागतात. आयआयएम किंवा मुंबईची जमनालाल बजाज संस्था अशा ठिकाणी प्रवेश मिळाला, तर पगार हॉटेलपेक्षा खूप पुढे जातो. सामान्य कॉलेजातून मात्र पुष्कळदा साध्या पदवीधराएवढाच पगार मिळतो आणि कर्ज डोक्यावर बसते. समजा, दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेड करायची आहे. चार लाखांचा मासिक हप्ता सुमारे ५,३०० रुपये आणि दहा लाखांचा सुमारे १३,२०० रुपये येतो. आम्ही बँकेत आहोत, म्हणून हा हिशेब आग्रहाने सांगतो.

काही वडीलधारे म्हणतात, "शिकून लोकांची उष्टी काढायची का?" ज्या समाजाला पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याच समाजाचा मुलगा आज मोठ्या हॉटेलात शेफ होऊन सर्वांना जेवू घालू शकतो. यात कमीपणा कसला? सम्यक आजीविकेचा प्रश्न मात्र खरा आहे. मद्य व मांस यांचा व्यापार उपासकाने टाळावा, अशी भगवंतांची शिकवण आहे. ज्याला हे खटकते, त्याने फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, बेकरी यांचा विचार करावा.

ज्या घरात मिळवते हात थोडे, तेथे आधी हॉटेल मॅनेजमेंट करून नोकरी धरावी, असे आम्हांस वाटते. पुढची वाट बंद होत नाही. हॉटेलची पदवी घेतलेल्यालाही कॅट परीक्षा देता येते. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला त्यासाठी पदवीला ४५ टक्के गुण पुरतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्राच्या सवलती मिळाल्या आहेत. त्यासाठी जातीचा दाखला व पडताळणी प्रमाणपत्र आतापासूनच तयार ठेवा.

बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले. ते शिक्षण आपण हिशेबाने आणि हिमतीने घेऊ या.

नमो बुद्धाय! जय भीम!