बेघरांचे नृत्य



नृत्य म्हटले की आपल्यापुढे घुंगरू येतात, कमावलेले अंग येते. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांच्यापाशी यांतले काही नाही. घरही नाही, किंवा काल-परवापर्यंत नव्हते. टोकियोतल्या ‘सोकेरिस्सा’ या नृत्यमंडळींची ही हकीकत.

युकी आओकी हे जाहिरातींची नृत्ये बसवणारे कलावंत. २००१ साली न्यूयॉर्कवर हल्ला झाला तेव्हा ते तिथेच होते. पुढे त्यांना आपले चकचकीत काम पोकळ वाटू लागले. २००५ साली शिंजुकूत गाणाऱ्यांच्या घोळक्याशेजारी एक माणूस खुशाल झोपलेला त्यांनी पाहिला, आणि हे शरीर नाचले तर कसे दिसेल, हा विचार डोक्यात शिरला. ‘बिग इश्यू’ नावाचे नियतकालिक तिकडे बेघर लोक रस्त्यावर विकतात. त्या काळी अर्ध्याहून अधिक किंमत विक्रेत्याची असे. आओकींनी त्यांनाच गाठले. पहिला प्रयोग २००७ साली झाला.

आओकी पावले शिकवीत नाहीत. ते शब्द देतात. त्यावरून ज्याने त्याने आपली हालचाल शोधायची. नियम एकच: कुणाला इजा करायची नाही. उशीर चालतो, गैरहजेरीही चालते. आपल्या तालीममास्तरांना हे मुळीच पटणार नाही! पण उघड्यावर निजणाऱ्याची झोप अर्धी जागीच असते, आणि दिवसभर शेकडो माणसे नजर चुकवून त्याच्यावरून जातात. त्याने मन खचते. खचलेल्या माणसाला हजेरीपट दाखवला तर तो पुन्हा फिरकणार नाही. मला ही सवलत कलेचाच भाग वाटते.

प्रयोग उद्यानांत, रस्त्यांवर होतात. रंगमंचाची कड नाही. एरवी ज्याला वळसा घालून गेलो असतो, तो हातभर अंतरावर नाचत असतो.

हा गरिबीचा तमाशा नव्हे काय, असे कुणी विचारील. शंका रास्त आहे. नाचून छप्पर मिळत नाही. परंतु जपानी सरकारच्या गणतीत २००३ साली २५,२९६ बेघर होते, २०२४ साली २,८२०. गणती उद्यानांत, नदीकाठी, स्थानकांत डोळ्यांनी दिसतील त्यांची. इंटरनेट कॅफेत रात्र काढणारे तीत नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे एकट्या टोकियोत असे सुमारे ४,००० होते. म्हणजे पुष्कळ माणसे नुसती दृष्टीआड गेली. तिथे काहीजण आपण होऊन चारचौघांपुढे उभे राहतात, पाहा म्हणतात. तमाशात ही निवड त्यांची नसते.

या मंडळींवर ‘डान्सिंग होमलेस’ हा माहितीपट २०२० साली जपानात प्रदर्शित झाला. मिळाला तर अवश्य पाहावा.