चिऊचा पलंग आणि 5 इंचांची फट

आज कोड नाही, करिअर नाही. आज पलंग. हो, लाकडी पलंग, तोही लहान पोरांचा.

झालं असं, की माझी भाची चिऊ 3 वर्षांची झाली आणि ताई-दाजींनी तिच्यासाठी ऑनलाइन एक गोड गुलाबी पलंग मागवला. दोन महिन्यांत मधली फळी मोडली. बाईसाहेब उड्या मारत होत्या. लागलं नाही, पण ताई मला म्हणाली, "तू इंजिनिअर ना? मग बनव." अगं, मी कॉम्प्युटरचा बीटेक! पण मामा झाल्यावर नाही कसं म्हणणार?

मोडलेला पलंग आधी नीट बघितला. पार्टिकल बोर्ड होता, म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेली फळी. त्यात स्क्रू एकदा सैल झाला की भोक भुगा होऊन जातं, परत आवळून उपयोग नाही. चिऊ 14 किलोची, पण उडी मारून आदळली की झटका वजनाच्या कितीतरी पट बसतो. शिवाय रात्री गोष्ट सांगायला दाजी शेजारी आडवे होणार. ते 85 किलो! म्हणजे पलंग लहान मुलाचा असला तरी हिशोब मोठ्या माणसाचाच धरायचा.

लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं, जुन्या चौकटींचं सागवान. आधीच पुरतं वाळलेलं असतं, पण आत खिळे लपलेले असतात. एका खिळ्याने माझं करवतीचं पातं खाल्लं.

खरं काम शिकवलं आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांनी. मी आडव्या लाकडाच्या टोकात सरळ स्क्रू घालत होतो. ते म्हणाले, "टोकात स्क्रू धरत नाही रे, रेषांमधून निघून येतो." मग पायाला खाच पाडली आणि आडवं लाकूड त्या खाचेत बसवलं. आता वजन लाकडावर बसतं, स्क्रूवर नाही. कोपऱ्यांना नट-बोल्ट, म्हणजे घर बदलताना सोडता येतो. गादीखालच्या पट्ट्यांना मधोमध एक आधार, आणि त्या आधाराला स्वतःचा पाया. जुन्या पलंगात नेमका हाच पाया नव्हता.

आता माझी चूक. बाजूच्या कठड्याच्या पट्ट्यांमध्ये मी 5 इंच अंतर ठेवलं. दिसायला भारी दिसत होतं. चिऊ बघायला आली, आत चढली आणि त्या फटीतून पाय घालून खाली सरकली. पाय गेले, पोट गेलं, छाती गेली, आणि डोकं अडकलं. ताईने तिला लगेच उचलून धरलं. चिऊ हसत होती. माझे हात थरथरत होते.

त्या रात्री वाचत बसलो. अमेरिकेत डबलडेकर पलंगांचा नियम आहे, कठड्यातली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी नको. कारण अगदी साधं आहे. लहान मुलाचं अंग जिथून जातं तिथून डोकं जाईलच असं नाही, आणि पाय जमिनीला टेकले नाहीत तर पोर मानेवर लटकतं. दुसऱ्या दिवशी सगळा कठडा उचकटला, फटी अडीच इंचांवर आणल्या. गादीही चौकटीत गच्च बसेल अशीच घेतली, कडेला हात जाईल एवढी जागासुद्धा नको. तुमच्याकडे दोन मुलं असतील आणि डबलडेकरचा विचार असेल, तर वरच्या मजल्यावर 6 वर्षांच्या आतलं मूल झोपवू नका.

बाकी पटकन सांगतो. कडा पॉलिश पेपरने गोल केल्या. घरात पडलेला जुना डबा वापरला नाही, कारण घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत हवं हा नियम आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाला, आणि पोरं कठडा चावतातच. पलंग खिडकीपासून लांब ठेवला, नाहीतर तीच शिडी होते.

शेवटी मी आणि दाजी दोघांनी त्यावर उड्या मारून बघितलं. खालच्या काकू वर आल्या, पण पलंग हलला नाही.

चिऊ पहिल्या रात्री त्यावर झोपली. दोन वाजता उठून आई-बाबांच्या मध्ये जाऊन शिरली. सध्या पलंगावर टेडी झोपतो.